देऊळघाटातून मुंबईला कोणीच गेलं नव्हतं

माझी मोठी जाऊ रुखमाबाई हिला खोटं बोलता येत नाही. वांग्यात कीड असली तर गिऱ्हाइकाने विचारायच्या आधीच सांगून मोकळी होते, आणि बुलढाण्याच्या बाजारात मी कपाळावर हात मारून घेते. अशा बाईने सरकारच्या माणसाला भर दुपारी, स्वतःच्या दारात बसून सांगितलं की घरचा कर्ता माणूस घरीच आहे. तो माणूस, म्हणजे माझे मोठे दीर इंद्रभान, त्या वेळी मुंबईत कुर्ल्याच्या एका वर्कशॉपात लेथवर उभे होते. त्या एका उत्तरापायी आमच्या गावाच्या हातचं काय जाणार होतं, आणि ते कसं राहिलं, हे सांगायला मी बसले आहे. मी कोकिळा, देऊळघाटची बालवाडीची बाई. तोंडाने फटकळ आहे, हे गावात कोणीही सांगेल.

महाराष्ट्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. हरभरा घाट्यावर आला होता तेव्हा मुंबईच्या कचेरीतून नारायणराव नावाचे साहेब आले. मूळचे कोकणातले, बारीक अंगाचे, बोलायला मऊ. पहिल्याच दिवशी सरपंच पंजाबरावांच्या घरी ठेचा खाल्ला आणि उचकी लागून असे लाल झाले, की पंजाबरावांची बायको देवाला नवस बोलायला निघाली होती. गावाची पाहणी करायची आहे, घरोघर बायका बोलतील असं कोणीतरी सोबत हवं, म्हणून पंजाबरावांनी मला त्यांच्याबरोबर दिलं. पाहणी कशासाठी ते साहेबांनी सांगितलं नाही. आधी सांगितलं की लोक मनाजोगी उत्तरं देतात, असं त्यांचं म्हणणं.

कारण मला पुढे कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे घोटाळा नीट समजेल. मुंबईला तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूने माणूस येऊन येऊन शहर तुडुंब भरलेलं. पाणी पुरेना, खोल्या पुरेनात. तेव्हा नव्या राज्याने मुंबईच्या वाढीचा विचार करायला माणसं बसवली. त्यांनी ठरवलं, तिथे कारखाने वाढू द्यायचे नाहीत, उलट काही छोटे कारखाने सवलती देऊन जिल्ह्या-जिल्ह्यांत पाठवायचे. पंपाचे सुटे भाग करणारे एक शेठ बुलढाण्याकडे यायला राजी होते. अट एकच. जिथून बरीच माणसं मुंबईला जाऊन मशीनवर काम शिकली आहेत आणि परत यायला तयार आहेत, त्याच गावात ते शेड घालणार. शिकलेला हात तयार मिळाला तर कारखाना पहिल्या दिवसापासून चालतो, हा त्यांचा हिशेब. तशी गावं दोन-तीनच होती आणि त्यांत आमचं एक.

आता आमच्या गावची रीत ऐका. आमच्याकडे पोटापाण्यासाठी माणूस बाहेर गेला तर बायका त्याला ‘गेला’ म्हणत नाहीत. ‘बाहेर आहेत, येतीलच’ असं म्हणतात. घरातली माणसं मोजताना त्याला धरतात. लग्नाचं आवतण त्याच्या नावाने येतं आणि आहेरही त्याच्याच नावाने जातो. मुंबईला असो की नागपूरला, तो घरातच. यात खोटं आहे असं आमच्या कोणाच्या मनातही कधी आलं नाही.

आणि रुखमाबाईच्या मनात तर ही गोष्ट फारच खोल गेलेली. तिचे वडील मुंबईच्या गोदीत हमाली करायचे. एका वर्षी ते सणालाही आले नाहीत. तिच्या आईच्या डोक्यात राग होता. कोणी पाहुणा दारात आला आणि त्याने विचारलं, तर ती तिरमिरीत बोलून गेली, “ते नाहीत अथी. ते आता मुंबईचेच झाले.” त्याच मोसमात गोदीत पेटारा अंगावर पडून ते वारल्याचा निरोप आला. रुखमाबाई तेव्हा परकरी पोर होती. तिने ते दोन्ही ऐकलं आणि मनात गाठ मारली, की आपण घरातल्या माणसाला कधी ‘नाही’ म्हणायचं नाही. तिला कोणी किती समजावलं तरी ती गाठ सुटली नाही.

तर साहेब तिच्या दारात आले. ती सांबार निवडत बसली होती. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर.

“घरात माणसं किती?” साहेबांनी विचारलं.

“चार. मी, मालक अन् दोन लेकरं.”

“मालक कुठे आहेत?”

“बाहेर हायेत. येतीनच.”

दुपारची वेळ. गावातले सगळेच पुरुष शेतात होते. साहेबांना वाटलं, हेही मळ्यात असतील. त्यांनी मान हलवली आणि आम्ही पुढच्या घरी गेलो. तिथे कडूबाच्या आईने तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या घरी विमलबाईने तेच. मी शेजारी उभी राहून साहेबांना घरांची नावं सांगत होते आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. साहेब दोन दिवस राहिले, आमच्या भाकरीचं कौतुक केलं आणि गेले.

होळी झाली, आणि एक दिवस पंजाबराव बुलढाण्याच्या बैठकीहून आले ते थेट बालवाडीतच शिरले. लेकरं ‘सरपंच आले, सरपंच आले’ करून नाचायला लागली. पंजाबराव लाकडी पेटीवर बसले आणि म्हणाले, “कोकिळाबाई, आपल्या गावातून मुंबईले कोणीच गेलं नाही म्हणतेत.”

मी हसले. “कोण बह्याड म्हणते?”

“पाहणीत तसं निघालं. एकही माणूस नाही. कारखाना दुसऱ्या गावाले चालला.” आणि मग त्यांनी मला ती सगळी योजना सांगितली, शेठची अटसुद्धा.

बाप्पा! माझं हसू तिथल्या तिथे जिरलं. आमच्या गल्लीतली मुंबईची माणसं मोजायची तर दोन्ही हातांची बोटं पुरत नव्हती. आणि खरं सांगते, मला माझ्या घरचंही दिसलं. माझे मालक किसनराव, रुखमाबाईचे धाकटे दीर, उन्हाळा संपला की भावाकडे कुर्ल्याला जायच्या बेतात होते. भाजीच्या वाडीत दोन भावांचं भागत नव्हतं. लेकरांना खाऊ वाटून मी तशीच रुखमाबाईकडे गेले.

ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

“म्हंजे ते घरी हायेत असं मी म्हटलं,” ती सावकाश म्हणाली, “म्हणून ते घरी येणार नाहीत?”

तिने जुडीला गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. मग उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पंजाबरावांचं एक मानलं पाहिजे. सरपंचकीचा टेंभा फार, पण या कामी त्यांनी चपला झिजवल्या. बुलढाण्याला खेपा घातल्या, हातापाया पडले, आणि नारायणरावांना पुन्हा गावात आणलं. शेठचा शब्द अजून पक्का झाला नव्हता. उन्हाळ्याअखेर ते जागा पाहायला येणार होते. तेवढाच काय तो वेळ होता.

साहेब या वेळी चिडलेलेच आले. त्यांच्या कामावर वरच्यांनी बोट ठेवलं होतं. मारुतीच्या पारावर बसले, समोर बायका जमल्या, मागे म्हातारे. साहेब म्हणाले, “ज्यांच्या घरचा माणूस मुंबईला गेला आहे, त्यांनी पुढे या.”

कोणी हललं नाही. बायकांनी पदर पुढे ओढले.

“अहो, मला मदत करा! मागच्या वेळी तुम्ही मला खोटं सांगितलंत. आता तरी खरं सांगा.”

खोटं म्हटल्यावर रुखमाबाईचा चेहरा उतरला. माझं टाळकं सटकलं. मी तिथेच उभी राहिले. “साहेब, खोटं कोणाले म्हणता? आमच्यात माणसाले गेला म्हणत नाहीत. गेला कोणाले म्हणतेत, ते तुमच्या कोकणात माहीत नाही काय? ह्या बाईच्या आईनं रागात एकदा तसं म्हटलं अन् बाप गेला तिचा. गोदीत. तुमच्याच मुंबईत.” आणि तो सगळा प्रसंग मी पारासमोर सांगून टाकला. रुखमाबाई खाली मान घालून बसली होती. पंजाबराव मला डोळ्यांनी दटावत होते, पण एकदा सुटलेलं माझं तोंड सरपंचाचं काय ऐकतं!

साहेबांनी पाणी मागितलं, तांब्या तोंडाला लावून सगळा संपवला. मग अगदी हळू बोलले. “माझे वडील गलबतावर होते. ते दर्यावर असले की आई तिन्हीसांजेला कोणाला त्यांचं नाव काढू द्यायची नाही. मला हे आधीच कळायला हवं होतं.” त्यांनी तोंड पुसलं आणि बायकांकडे पाहिलं. “गेलेल्यांचं राहू द्या. मला एवढंच सांगा, इथे काम मिळालं तर कोण कोण येणार?”

काय सांगू! बांध फुटावा तशा बायका बोलायला लागल्या. “माहा लेक येईन!” “आमचे घरचे येतीन, मोटरीचं काम येते त्यायले!” कडूबाची आई तर पारावर चढून बसली आणि साहेबांच्या कानाशी ओरडून लेकाचं कौतुक करू लागली. साहेब हसत होते, डोळे पुसत होते. त्या घडीपासून तो माणूस मला सख्ख्या भावासारखा आहे. मोठ्या हुद्द्याच्या माणसाने स्वतःचा प्रश्न चुकला म्हणून चारचौघांत तो बदलावा, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

एकटी रुखमाबाई बोलली नाही. मी कोपराने ढोसलं. “बाई, सांग नं वं. तुहाच तं पहिला नंबर पाह्यजे.” ती उठली आणि घराकडे चालू लागली.

दिवस मावळायच्या आत साहेबांना मी आमच्या अंगणात जेवायला आणलं. ठेचा लांब ठेवला. रुखमाबाई भाकरी करत होती. साहेबांनी सरळ विचारलं, “ताई, तुम्ही का बोलला नाहीत?”

ती तव्यावरची भाकर उलटेपर्यंत थांबली. “साहेब, मागच्या दिवाळीले ते आले नाहीत. त्याच्या आधी आले तं दोन दिवसांत परत. तथी त्यायचं बरं चाललं असन. मी येतीन म्हणलं, तुम्ही त्यायले विचारलं, अन् ते नाही म्हणले तं?” तिने भाकर निखाऱ्यांवर टाकली. “आजवर ते माह्या घरात होते. कोणी इचारलं तं मी सांगत होती. मंग मी काय सांगू?”

मी इतकी वर्षं तिच्या शेजारच्या खोलीत राहते. एका विहिरीचं पाणी, एका वाडीची भाजी. मला वाटत होतं, हिची भीती बापाच्या मरणाची आहे. ती रोज नवऱ्याच्या नकाराला भीत होती हे मला त्या चुलीपुढे कळलं.

साहेब म्हणाले, “मी मुंबईला जातो आहे. या सगळ्यांना स्वतः भेटणार आहे. तुमच्या मालकांना भेटू की नको?”

“भेटा. पण येता काय, असं इचारू नका,” ती म्हणाली. “तुम्ही दारात आले तवा मी काय सांगितलं होतं, तेवढं त्यायले सांगा. घरात चार माणसं हायेत म्हणलं होतं.”

साहेबांनी तसा शब्द दिला, आणि पाळला. आपल्या कामाच्या वेळेबाहेर ते कुर्ला, परळ, शीव असे हिंडले, आमच्या एकेका माणसाला हुडकून भेटले. कोणी पगार देऊन करवून घेतलं नसतं असं ते काम होतं. हळूहळू निरोप यायला लागले. विमलबाईचा नवरा येतो म्हणाला. दोघा-तिघांनी आधी कारखाना दिसू दे म्हणून कळवलं. कडूबाने साफ नाही सांगितलं, त्याला शहर मानवलं होतं. त्याच्या आईने आठ दिवस कोणाशी बोलणं टाकलं. मला तिचं वाईट वाटलं, पण जबरदस्ती कोणावर करणार?

इंद्रभानदादांचा निरोप आला नाही. रुखमाबाई वाडीत जायची, पाणी धरायची, बाजार करायची. कोणी विचारलं की म्हणायची, “बाहेर हायेत, येतीनच.” पण आता ते म्हणताना तिचा आवाज बारीक व्हायचा, आणि मी पटकन दुसराच विषय काढायचे.

वैशाखातली दुपार. मी लेकरांना झोपवत होते, तर एस.टी. थांबली. इंद्रभानदादा उतरले. एका हातात ट्रंक, दुसऱ्यात वळकटी, खांद्याला अजून एक बोचकं. पाहुणा म्हणून येणारा माणूस असा येत नाही. मी लेकरांना तशीच टाकून धावले, त्यातली निम्मी माझ्या मागे पळत आली.

अंगणात पोचले तर आमचे किसनराव आधीच भावावर तापलेले. “दादा, नोकरी सोडली? अजून शेठनं जागाबी पाहिली नाही! कारखाना नाही आला तं काय करसान?”

दादा ट्रंकेवर बसले. मुंबईने माणूस वाळवला होता. रुखमाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्याकडे न पाहता, धाकट्या भावाला सांगितल्यासारखं ते बोलले.

“किसन, मी मुद्दाम येत नव्हतो रे. आलो का परत जाताना पाय निघेना. लेकरं बिचकतेत, हिच्या हाताले घट्टे. वाटे, आपण इकडं पैसे धाडतो, बस झालं, आपलं घरात आता काही काम नाही. हळूहळू मले वाटाले लागलं का मी ह्या घरचा राह्यलोच नाही. तं ते साहेब आले वर्कशॉपात. मशीन चालू होतं, कानाशी येऊन सांगितलं त्यानं. म्हणे, तुमच्या बायकोनं मले सांगितलं, घरात चार माणसं हायेत.” दादांनी नाक पुसलं. “मंग मी तथी काय करू सांग बरं?”

रुखमाबाई हुंदका देऊन आत पळाली. मी तर अंगणातच रडत बसले आणि बालवाडीची लेकरं माझ्याभोवती जमून मला गप्प करत होती.

शेठ आले तेव्हा त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. दादांच्या मागोमाग विमलबाईचा नवरा आला होता, आणखी चौघे आले होते. सगळे पारावर त्यांच्या समोर बसले. शेठने त्यांच्याशी मशीनच्या गोष्टी काढल्या आणि तासाभरात सगळे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बोलत होते. बुलढाण्याच्या रस्त्याला शेड उभी राहिली. फार मोठी नाही, पण आज तिच्यात तीस-पस्तीस माणसं काम करतात. त्यांतले एक माझे किसनराव. कुर्ल्याला जायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. म्हणून मी पंजाबरावांचा टेंभा सहन करते, त्या न पाहिलेल्या मुंबईच्या कचेरीलाही हात जोडते, आणि नारायणराव कधी बुलढाण्याला आले तर त्यांना जेवल्याशिवाय जाऊ देत नाही. आमच्या रुखमाबाईचं तर मी काय फेडणार!

शेड सुरू झाली त्या पहिल्या दिवसाचं सांगते. संध्याकाळी मी आणि रुखमाबाई वाडीतून येत होतो. दोघींच्या डोक्यावर वांग्याच्या पाट्या. समोरून दादा कामावरून चालत येत होते, हात तेलाने काळे. त्यांनी काही न बोलता तिच्या डोक्यावरची पाटी उतरवली, आपल्या खांद्यावर घेतली आणि पुढे निघाले. माझ्या डोक्यावरची तशीच राहिली, ते सोडा.

रुखमाबाई चार पावलं चालली आणि बांधावर मटकन बसली. मी घाबरले. म्हटलं, चक्कर आली की काय. पाटी ठेवून तिच्याजवळ वाकले. “काय होते वं बाई?”

तिने पाय लांब केले, डोळे मिटले. “काही नाही वं, कोकिळे,” ती म्हणाली. “दमली मी.”

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. मी तिच्या शेजारी बसले आणि तिचे पाय दाबत राहिले.